आप्पांचा बेलभंडारा

नागनाथआप्पांना चहा पाजायचा असेल तर आधी दुधाचा पक्ष सांगावा लागतो. "दूध कुनाकडचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हैस छत्रीवाल्यांची निघाली तर कप तसाच परत. एकदा मी चिडून म्हटलं, "आप्पा, म्हशीला मत न्हाई." तर म्हणाले, "म्हशीला न्हाई, धार काढनाऱ्याला हाय."

माझं शिलाईचं दुकान, त्यांचं किराणा. मध्ये एक भिंत. सिरसाळ्याजवळचं आमचं गाव लहान, पण राजकारण दिल्लीला पुरून उरेल इतकं. ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीत विमान आणि छत्री अशी दोन पॅनेलं पडली आणि गावात सगळंच दोन-दोन झालं. दोन न्हावी, दोन गिरण्या, हरिनामाचे सप्तेसुद्धा दोन. विमानाचे पुढारी म्हणजे मालक. त्यांनी महादेवाच्या देवळात आपल्या माणसांना बेलभंडारा उचलायला लावला: "छत्रीवाल्याचा उंबरा चढनार न्हाई." ही देवाची शपथ. ज्यानं घ्यायला लावली त्यानं सोडवल्याशिवाय सुटत नाही. बाकीच्यांची शपथ निकालाच्या गुलालातच उडून गेली. आप्पांनी मात्र ती धरून ठेवली.

पंचाईत अशी, की छत्रीचा एक उमेदवार म्हणजे आप्पांचे सख्खे दाजी. धाकटी बहीण गोदाक्का गावातच, खालच्या गल्लीत दिलेली. आप्पांनी ती गल्लीच सोडली.

पुढे मालकांच्या मुलाचं लग्न छत्रीवाल्या पुढाऱ्याच्या भाचीशी जमलं. दोघे पुढारी मांडीला मांडी लावून बसले. चौकात दोघांचा फ्लेक्स लागला. आप्पा चष्मा पुसून बघून आले. "आजकाल कंप्युटरवर कुनाचंबी मुंडकं कुनाच्याबी शेजारी बसिवतेत." लग्नाची पत्रिका आली, तर "डाव हाय. मांडवात बोलवून फोडनार." शेवटी मी मालकांना फोन लावून दिला. आप्पांनी शांतपणे ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आवाज काढनारे लई हायेत बे."

गाव हसायचं. मीही हसायचो.

मग गोदाक्काचा नवरा वारला. दोन्ही पॅनेलांचं गाव मातीला गेलं. आप्पा दुकानात शेंगदाणे निवडत बसले होते, तीच मूठ पुन्हा पुन्हा. मला त्यांचा इतका राग आला की कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. भिंतीपलीकडून मात्र ते गिऱ्हाइकांना सांगताना ऐकू यायचे, "फ्लेक्स खोटा हाय."

परवा मालक माझ्याकडे सदऱ्याचं माप द्यायला आले. मी त्यांना हाताला धरून शेजारच्या दुकानात नेलं. "मालक, आप्पांचा बेलभंडारा सोडवा."

"कसला बेलभंडारा?" मालकांना आठवेना. सांगितल्यावर ते हसत सुटले. "आवो आप्पा, ते कवाच मिटलं! पोराच्या लग्नाआधीच. जावा की बिनघोर."

"दाजी जायच्या आधी?" आप्पांनी विचारलं.

"लई आधी." मालकांनी बरणीतली बडीशेप तोंडात टाकली आणि गेले.

मला वाटलं, आप्पा मोकळे झाले. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. "मिटलं व्हतं, तर मग त्या दिवशी म्या दुकानात कशापायी बसलतो?"

दाजी गेल्यावरही फ्लेक्स खोटाच आहे असं ते का घोकत होते, ते मला तेव्हा कळलं. भांडण चालू असेपर्यंतच त्यांना त्या दिवसाबद्दल स्वतःची समजूत घालता येत होती. ती मीच काढून घेतली होती.

आप्पांनी दुकान उघडंच टाकलं आणि खालच्या गल्लीकडे निघाले. मला राहवेना, मागोमाग गेलो. गोदाक्का दारात बसली होती. आप्पा अंगणातच थांबले. "गोदे, मिटलं म्हनं."

"मला ठावं हाय."

"दाजींच्या वक्ताला म्या..."

गोदाक्का उठली. "ह्येंनी शेवटाला तुझंच ईचारलं. सारखं दाराकडं बघायलते. म्या सांगितलं, दादा परगावी गेलाय, निघालाय तिथून."

आप्पा उंबऱ्यावर बसले आणि हमसून हमसून रडू लागले. गोदाक्का त्यांच्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली.

"लई लांब गेलतास रे, दादा."