बेबिंकाचे सात थर

रुझारनं त्या दिवशी एकच गोष्ट ठरवली होती, लेकीला अपूर्णांक शिकवायचे. (नाताळाच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं काही ठरवू नये, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.) सुट्टीनंतर लुर्दीनला गणिताचा पेपर पुन्हा द्यायचा होता, आणि तिचं ठाम मत होतं की एक छेद चार हे एक छेद दोनपेक्षा मोठं, कारण चार दोनापेक्षा मोठे.

त्यानं वर्तुळं काढली, पेरू कापला, एक सोडून सगळी केळी खर्ची घातली. लुर्दीननं कापलेलं सगळं आवडीनं खाल्लं. डोक्यात मात्र काही शिरलं नाही.

टेबलावर नाताळचं थराथरांचं गोड, बेबिंक, झाकलेलं होतं. त्याच्या बायकोनं, आर्मिंदानं, आदला अख्खा दिवस चुलीपुढे बसून, झाकणावर निखारे ठेवून, एकेक थर भाजला होता. दर नाताळाला तिची आई थर मोजायची. गेल्या वर्षी करपलेल्या बेबिंकावर बोट ठेवून म्हणाली होती, "साडेपाच." यंदा मात्र नीट सात जमले होते. ते आईला दाखवायचे म्हणून आर्मिंदा तिला आणायला बसस्टँडवर गेली होती. बेबिंकाकडे बघायचंसुद्धा नाही, असं नवऱ्याला बजावून.

रुझारनं फक्त बघितलं. "हे सात थर. वरचा एक काढला तर?"

"सहा सप्तमांश उरेल," लुर्दीन म्हणाली.

बापाला गहिवरून आलं. पण नुसत्या तोंडी शिकवणीत काय राम? त्यानं सुरी घालून वरचा थर उचलला. तो अलगद निघाला. आता पुरावा मागे ठेवून कसं चालेल? तो लुर्दीननं खाल्ला. पुढचे दोन रुझारनं. (वजाबाकी पक्की व्हायला हवी ना.)

सासूबाई आल्या त्या चपला काढायच्या आधी बेबिंकावर वाकल्या. "चार," म्हणाल्या.

आर्मिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काय करून बसलो, ते रुझारला तेव्हा कळलं.

"चार सप्तमांश, शामाय," लुर्दीननं आजीला दुरुस्त केलं. "सातच होते. एक मी खाल्ला, दोन पप्पांनी."

"सुटा निघाला? तुटला नाही?" आजीनं विचारलं.

"अजिबात नाही."

म्हातारीनं नखानं पुढच्या थराची कड उचलून पाहिली आणि लेकीकडे वळली. "माझे कधी असे सुटले नाहीत गं. चिकटायचेच."

आर्मिंदा रडता रडता हसली. रुझारचा जीव भांड्यात पडला, आणि त्यानं लगेच आपली बशी पुढे सरकवली.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "वाटणी पोर करील."

लुर्दीननं मनातल्या मनात प्रत्येक थराचे चार तुकडे केले. "सात थर, माणसं चार. प्रत्येकाला पावणेदोन. मला आणखी पाऊण, मम्मीला पावणेदोन, शामायला पावणेदोन. पण पाव थर कमी पडतोय." तिनं मान वर केली. "तो पप्पांच्या पोटात आहे."

रुझारनं हिशेबात चूक शोधून पाहिली. सापडली नाही. शिकवणी फारच पक्की झाली होती. तिघी खात बसल्या, आणि तो उरलेलं केळं सोलू लागला.