मौनव्रतात गेलेल्या भुवया

दुखणं सोसण्यात अख्ख्या कळमनुरीत माझा हात धरणारी बाई नाही! हे मी गर्वानं सांगत नाही हं. गर्व करायचा नाही, हे माझं रोजचं व्रतच आहे. म्हणून नुसतं सांगते. सोमवारी मौन, गुरुवारी अळणी, शनिवारी एकभुक्त, एकादशीला निर्जळ, आणि रोज तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा. माझी तीन बाळंतपणं झाली, पण शेजारणीला पत्ता लागला तो थेट बारशाच्या घुगऱ्या हातात पडल्यावर!

अशा बाईला कपाळाखालच्या चार केसांनी रडवावं, म्हणजे बघा!

गोष्ट २००५ सालची. माझ्या थोरल्या बहिणीची लेक शिवकन्या इथेच कळमनुरीत दिलेली. पोरीनं नांदेडला जाऊन ब्यूटी पार्लरचा तीन महिन्यांचा कोर्स केला. घराच्या पुढच्या खोलीला गुलाबी रंग दिला, माणूसभर उंचीचा आरसा लावला, गरागरा फिरणारी खुर्ची आणली. तिचे सासरे तातेराव खत-बियाण्याचे व्यापारी. त्यांच्या डोळ्यांना ती खोली म्हणजे युरियाच्या पन्नास पोत्यांची जागा वाया चाललेली! महिन्याभरात खुर्चीत तिघी बसल्या. त्यातली एक पाणी प्यायला आली होती.

कारण दोऱ्यानं भुवया कोरणं बायांना ठाऊक होतं, पण शिवकन्या शिकून आली होती वॅक्सिंग. आणि समोर बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या आशाबाईंनी साऱ्या बाजारात पसरवून ठेवलं होतं, "त्या पोरीच्या नादी लागू नका बरं! भुवईला गरम डांबर लावून चामडी सोलून राहिली ती!"

शनिवारी तातेरावांनी निकाल दिला, "सूनबाई, सोमवारपर्यंत वाट बघतो. त्या दिवशी गिऱ्हाईक लागलं तर तुझं पार्लर. न्हाई तर मंगळवारी तिथं युरिया!"

शिवकन्या माझ्याकडे येऊन पदरात तोंड घालून रडायला लागली. मला काही ते बघवेना.

"रडू नको लेकरा. सोमवारी मी बसते खुर्चीत. सगळ्यांच्या देखत! माझ्या तोंडातून नुसतं 'हूं' निघालं तर नाव बदलून ठेव!"

"मावशी, तुमी? अन् भुवया?"

"काहून गं? देवघर रोज पुसतेच ना मी? तसंच हे बी पुसायचं."

खरं म्हणजे मला दोन भुवया नव्हत्याच. एकच होती! या कानापासून त्या कानापर्यंत, नांदेडच्या रस्त्यासारखी सलग.

रविवारी शिवकन्यानं मला सगळं नीट समजावलं. आज तोंडाला काही चोळू नका, उन्हात फिरू नका, क्रीम-बिम लावू नका. आणि मुख्य म्हणजे, "गरम लागलं तर सांगा. दुखलं तर सांगा. पुरे झालं वाटलं तरी सांगा. मी लगेच थांबते. मावशी, फक्त सांगा!" असं ती सात वेळा म्हणाली. मी सातही वेळा "हो" म्हणाले.

सोमवारी पहाटे अंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं, हात जोडून मी संकल्प सोडला, आणि तेव्हा कुठं आठवलं. आज सोमवार! माझं मौन! संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत एक अक्षर नाही!

तुम्ही म्हणाल, लिहून सांगायचं. नाही हो! लिहून बोलणं म्हणजे मागच्या दारानं बोलणं; ते दार मी सोळा वर्षांपूर्वीच बंद केलंय. खुणा तेवढ्या चालतात. आणि एरवी सोमवारी मी घराबाहेरच पडत नाही, म्हणून हे मौन माझ्या घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

दहा वाजता पार्लरमध्ये पोचले तर आत मुंगीला जागा नाही! पुढच्या बाकावर आशाबाई, मांडी घालून, नाटकाला बसल्यासारख्या. मी खुर्चीत बसले, आणि लाईट गेली. त्या वर्षी लाईट यायची ती पाहुण्यासारखी, चहापुरती! शिवकन्याचं वॅक्स गरम करायचं मशीन थंड पडलं. पण पोरगी हुशार. तिनं गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून पातेलं स्टोवर चढवलं, आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब लावून बघितला. बायांनो, तुम्ही कुठेही जा, एवढं करायला लावाच!

मग माझ्या भुवईवर पावडर उडाली. नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधे लाकडी काडीनं पाकासारखं काहीतरी फिरलं. कोमट, चिकट, वास चिक्कीसारखा! मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? वर कापडाची पट्टी बसली. शिवकन्यानं बोटांनी कातडी ताणून धरली, "मावशी, श्वास सोडा" म्हणाली, आणि...

बाराही ज्योतिर्लिंगांचं दर्शन झालं! औंढ्याचा नागनाथ जवळ, म्हणून त्याचं दोनदा!

आता खरं सांगायचं तर कळ एका श्वासापुरतीच असते. मग नुसती चुरचुर. पण तो एक श्वास मला चातुर्मासाएवढा वाटला! ओठ मात्र मी कुलूप घातल्यासारखे बंद ठेवले.

आशाबाईंनी पुढं येऊन आरशात डोकावलं. "द्वारकाबाई, दुखलं का वो?"

मी काय बोलणार? डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी मी हसले.

"आसू बघा आसू!" आशाबाई मागं वळून ओरडल्या. "आनंदाचे हायेत! बाई हूं की चूं करंना! अगं, काहीच दुखत न्हाई हे!"

मागून कुजबुज उठली, "व्हय का? मग मी बी बसते." "माझा नंबर आधी!" दारात तातेराव उभे होते. त्यांनी समाधानानं मान हलवली. शिवकन्याचा चेहरा तर असा फुलला की माझं दुखणं निम्मं झालं. आणि तिथंच घात झाला! फुललेल्या हाताला थांबायचं भान राहत नाही.

"मावशी, ही बाजू जरा जाड वाटून राहिली. अजून थोडं काढू का?"

मी पंजा वर केला. थांब! पण माझी पंचाईत अशी, की मी पंजा वर करते तो रोज दहा जणांना आशीर्वाद द्यायला. शिवकन्यानं भक्तिभावानं मान लववली आणि पट्टी ओढली. सर्रर्र!

मग दुसरी बाजू जाड दिसली. तीही ओढली. मग पुन्हा पहिली. डुगडुगणाऱ्या टेबलाचा एकेक पाय सुतार कापत जातो ना, तसं चाललं होतं! मी डावा पंजा दाखवला, उजवा दाखवला, दोन्ही दाखवले. बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी त्या दोन्ही पंजांना नमस्कार केला.

शेवटी शिवकन्या म्हणाली, "बस, शेवटची एक पट्टी." पाक लावला, पट्टी टेकवायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात ती पावडर माझ्या नाकात गेली. मौनात शिंकेला बंदी नाही. आक्छी! माझं डोकं पुढं, पाक भुवईभर, पट्टी वर, आणि उजवी भुवई अख्खीच्या अख्खी पट्टीखाली! घाबरून शिवकन्यानं हात मागं घेतला, पण बोटांना पट्टी चिकटलेली. हाताबरोबर पट्टी आली, पट्टीबरोबर भुवई.

माझी पाठ बायांकडे होती आणि मधे शिवकन्या उभी, म्हणून आरशात ते फक्त आम्हा दोघींनाच दिसलं. उजवीकडे नुसतं कपाळ. धुतल्या परातीसारखं स्वच्छ!

शिवकन्याच्या ओठांचा रंग गेला. माझ्या कानाशी वाकून ती पुटपुटली, "मावशी, माझं दुकान गेलं. मामंजी दारात उभे हायेत. आता काय करू वो?"

मला तिला जवळ घेऊन म्हणावंसं वाटलं, लेकरा, केसच आहेत, पुन्हा उगवतील. पण बोलायचं कसं? आणि एकाच भुवईची बाई बाहेर गेली तर ती चूक दिसणार. जन्मभर या पोरीच्या दारी कोणी फिरकणार नाही. मी क्षणभर नागनाथाचं नाव घेतलं, काडी उचलली, उरलेल्या डाव्या भुवईवर आडवा पाक फासला, वर पट्टी दाबली, आणि शिवकन्याचा हात धरून त्या पट्टीवर ठेवला.

"मावशी, नको!"

मी डोळे मिटले. सर्रर्र!

खुर्ची वळवून मी बायांसमोर तोंड केलं. आशाबाईंचा हात तोंडावर गेला.

"अगं माय! द्वारकाबाईंनी भुवया वाहिल्या!"

मी गांगरून हात जोडले. माफ करा, अशा अर्थानं.

"नवस व्हता व्हय? म्हणूनच तोंडातून आवाज न्हाई! बाया, लोक डोईचे केस देतेत, यांनी भुवया दिल्या! कोणत्या देवाचा वो?"

मी हताश होऊन वर आढ्याकडे पाहिलं.

"बघा, वरच्याचा!" आशाबाईंनी पटकन माझ्या पायाला हात लावला. मग दुसरीनं लावला. मग रांगच लागली! मी दोन्ही हात हलवून नाही नाही करत होते, आणि बाया म्हणत होत्या, "किती देतेत बाई आशीर्वाद!"

पाया पडून झाल्यावर आशाबाई थेट खुर्चीत जाऊन बसल्या. "पोरी, माझ्या नुसत्या कोर. नवस न्हाई माझा. तसं बी दुखत तर न्हाईच."

शिवकन्यानं या वेळी पाक जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा घेतला, कातडी ताणली, ओढली.

"मेले वो माय!"

ती किंकाळी अशी होती की बाहेर झाडाखालचं गाढव उठून उभं राहिलं! बाया दाराकडे सरकल्या. तातेरावांनी डोळे मिटले. मनात युरियाची पोती मोजत असावेत. शिवकन्यानं गार पाण्याचा फडका भुवईवर ठेवला, कोरफडीचा गर लावला, आरसा पुढं धरला. "दिवसभर चुलीच्या धगीला बसू नका, साबण लावू नका. लाली दुपारपर्यंत जाईल."

आशाबाई आरशात बघतच राहिल्या. अर्धचंद्रासारखी नेटकी एक भुवई, आणि शेजारी जुनं झुडूप!

"बघून काय राहिली?" त्या शिवकन्यावर डाफरल्या. "दुसरी काढ की लवकर!"

त्या पुन्हा किंचाळल्या, आणि बाकावरच्या बाया नंबरावरून भांडायला लागल्या.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, मौन सुटलं, आणि मी तडक तातेरावांकडे गेले. आठ जणींच्या भुवया झाल्या होत्या, सगळ्या नीट. पण नवसाचं खोटं माझ्या मनाला टोचत होतं.

"भाऊ, नवस-बिवस काही नव्हता. शिंक आली. आणि दुखतं. फार दुखतं. उद्या सगळ्यांना मी खरं सांगणार आहे. पण पोरीचं दुकान तेवढं बंद करू नका."

"सांगा की विहीणबाई, खुशाल सांगा," तातेराव म्हणाले. "आवो, नवस असा कुठं असतो का? मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग युरिया?"

"युरिया ऱ्हाऊ द्या गोदामात. मी तीस वर्सं धंदा करून राहिलो. माल जरासा कमी भरला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. अन् इथं? आशाबाई बोंबलल्या, पण उठल्या न्हाईत. वर म्हणतेत, दुसरी काढ! असा धंदा मी बंद करीन तर मी येडाच!" मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "विहीणबाई, एक इचारू का? कानावरचे केस बी निघतेत का हो त्यानं?"

तातेरावांच्या दोन्ही कानांतून मक्याच्या कणसासारखे झुपके बाहेर आलेले. मी म्हटलं, कानाच्या आत नाही, पण वरच्या कडेचे निघतील; शिवकन्याला विचारा.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, दार ओढून घेऊन, तातेराव गुलाबी खोलीत खुर्चीवर बसले. धीराला म्हणून मी शेजारी उभी. शिवकन्यानं डाव्या कानाच्या कडेला पाक लावला, पट्टी दाबली आणि ओढली.

पुढचं मी हळू सांगते. त्या आरोळीनं बाजारातली माणसं काठ्या घेऊन धावत आली! कोणीतरी दार ढकललं. आत तातेराव, गळ्यात फुलाफुलांचा टॉवेल, एक कान लालबुंद आणि गुळगुळीत, दुसऱ्याचा झुपका जागच्या जागी. दुसऱ्या कानाला ते पट्टी लावू द्यायला तयार नव्हते.

"तातेरावजी, काय झालं?" आशाबाईंनी विचारलं.

तातेरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. छाती पुढं काढून ते म्हणाले, "नवस फेडून राहिलो! एकाच कानाचा बोललो व्हतो!"