जिवंत नवऱ्याचं पिठलं

"बाय, फुकटच्या रांगेत उभं राहायला लाज कसली? पण उभं राहायचं तर खरं बोलून राहा. एक खोटं बोललीस की त्याला दुसरं चिकटतं, फणसाच्या चिकासारखं. मग कितीही तेल चोळ!"

समोरच्या फ्लॅटमधल्या उर्सुलामावशींनी मला असं बजावलं, तेव्हा खालून भोंगा लावलेली रिक्षा चालली होती. 'चंदनसारकरांनो! धर्माशेठ यांच्या नव्या महाबाजाराचं भव्य उद्घाटन! प्रत्येक कुटुंबाला तांदळाची पिशवी मोफत! मोफत! मोफत!'

मी मावशींना हसले. म्हटलं, मावशी, मी एम.कॉम. आहे. तांदूळ कसे आणायचे ते मला शिकवता?

आता आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुम्ही लगेच मला नावं ठेवणार नाही. जितेंद्र, म्हणजे माझा नवरा, वालीवच्या ज्या पॅकिंगच्या कारखान्यात होता, त्याला कुलूप लागलं. बिल्डिंगमध्ये कळलं तर? लोक दयेने बघतील, आमच्या लेकीला, ज्ञानदाला, गॅलरीत बोलावून बिस्किटं देतील! मी काळजीखोर बाई आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी जिन्यातून परत येते. परत आले की दाराची कडी ओढून बघते. म्हणून मी सरळ सांगून टाकलं, जितेंद्रला कंपनीने वापीला पाठवलंय.

झालं! नवरा जगासाठी वापीला आणि प्रत्यक्षात हॉलमध्ये. दाराची बेल वाजली की वापीकर बाथरूममध्ये! पालसुद्धा इतक्या चपळाईने ट्यूबलाइटमागे जात नसेल.

आमची सगळी आशा फ्रेडरिकसाहेबांवर होती. हे जितेंद्रचे जुने सुपरवायझर आणि उर्सुलामावशींचे भाचे. ते आता सातिवलीच्या एका कारखान्यात मोठ्या जागेवर होते. "स्टोअर्समध्ये एक जागा निघतेय, तुझ्यासाठी शब्द टाकतो," असं ते म्हणाले होते. आम्ही हात जोडून विनंती केली होती, मावशींना मात्र सांगू नका. त्यांचा फोन अजून यायचा होता आणि इकडे डबा खडखडत होता, म्हणजे तांदळाचा. तेवढ्यात ही भोंग्याची रिक्षा!

"एका कुटुंबाला एक पिशवी," मी जितेंद्रला म्हटलं. "म्हणजे आपण दोन कुटुंबं व्हायचं! तू मास्क आणि टोपी घालून पुढे उभा राहा. मी आणि ज्ञानू मागे. ओळख दाखवायची नाही."

"विनू, पकडले गेलो तर?"

"कोण पकडणार? तुला तर टोपीत मीही ओळखणार नाही."

ज्ञानदाला मी आदल्या दिवसापासून पढवलं. उद्या बाबांना बाबा म्हणायचं नाही, काका म्हणायचं. ती मान डोलवत होती. चार वर्षांचं मूल मान डोलवतं तेव्हा त्याच्या डोक्यात कार्टून चालू असतं, हे आईला कळायला हवं होतं.

आणि गर्दीत चोऱ्या होतात म्हणून निघताना मी मंगळसूत्र काढून डाळीच्या डब्यात ठेवलं. किती ती माझी सावधगिरी!

रांग महाबाजारापासून थेट वळणापर्यंत. जितेंद्र पुढे, मध्ये काही माणसं, मग आम्ही. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात ज्ञानदाने रांगेबाहेर मान काढली आणि खणखणीत आवाजात हाक मारली,

"बाबाकाका! मला शू!"

जितेंद्र दचकला, पण वळला नाही. शहाणा माणूस! ज्ञानदाने भोकाड पसरलं. "बाबा! बाबा बोलत नाही!"

माझ्या मागच्या बाई पुढे झुकल्या. "कोण गं तो?"

"कोणी नाही हो. हिला कुठलाही निळा शर्ट दिसला की बाबाच वाटतो."

"असं का? हिचे बाबा कुठे असतात?"

आता काय सांगू? वापी? घर? पुढे पाच पावलांवर? मी खाली मान घातली. बाईंनी माझ्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं, मग मोकळ्या गळ्याकडे बघितलं आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"अगं बाई! एवढ्या लहान वयात!"

मी 'अहो, तसं नाही' म्हणेपर्यंत ही बातमी रांगेतून पुढे निघाली. तांदूळ पुढून मागे येत होते, माझं वैधव्य मागून पुढे जात होतं, आणि दोघांची गाठ थेट धर्माशेठच्या टेबलावर पडली.

"कुठे आहेत त्या ताई? पुढे आणा त्यांना!" धर्माशेठ माइकवरून गरजले. मला अक्षरशः उचलून पुढे नेलं. "नाव काय ताई?"

"विनया," मी पुटपुटले. माइकने ते वळणापर्यंत पोचवलं.

"चंदनसारच्या या विनयाताईंचं छत्र हरपलंय! ही चिमुकली गर्दीत आपला बाबा शोधतेय! अशा भगिनीला एक पिशवी? छे! तांदूळ द्या! डाळ द्या! तेलाचा डबा द्या! गूळ द्या! ए, फोटो काढ!"

टाळ्या! मी खरंच रडायला लागले. भीतीने! पण फोटो छान आला म्हणे.

नेमका तेव्हाच टेबलापाशी जितेंद्रचा नंबर लागला. धर्माशेठने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय रे, धडधाकट माणूस तू! समोर ही माउली उभी आहे, आणि तू तांदळाला हात पसरतोस? लाज वाटत नाही? ते पोतं उचल आणि ताईंना रिक्षापर्यंत पोचव!"

आणि माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या विधवेचं सामान खांद्यावर घेऊन, चार पावलं अंतर ठेवून, मला रिक्षापर्यंत पोचवलं.

"ताई, सांभाळून बसा," मास्कमधून तो दातओठ खात म्हणाला.

घरी आल्यावर आम्ही आधी भांडलो, मग हसलो, मग वरणभात लावला. जितेंद्र म्हणाला, "मरून एवढं मिळतं, तर जिवंतपणी मी उगाच ओव्हरटाइम केला!" कुकरची पहिली शिट्टी झाली आणि दाराची बेल वाजली. जितेंद्र सवयीने बाथरूममध्ये.

दारात अर्धी बिल्डिंग! पुढे पांढरा लेंगा-सदरा घातलेले आमचे सोसायटीचे चेअरमन सदानंदकाका. त्यांच्या मागे उर्सुलामावशी डोक्यावर पदर घेऊन. वरच्या मजल्यावरची प्रिस्का हातात झाकलेलं पातेलं घेऊन. सगळ्यांचे डोळे लाल.

"पोरी, वापीला असं काही होईल असं वाटलं नव्हतं गं," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

"काका, अहो..."

"बोलू नकोस!" मावशींनी माझं डोकं छातीशी दाबलं. "रड. मोकळी हो."

तुम्ही कधी कोणाच्या छातीशी दाबलेल्या अवस्थेत खुलासा करून बघितलाय? नुसतं 'म्फ म्फ' ऐकू येतं. त्यांना ते हुंदके वाटले.

प्रिस्काने स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. "चूल कशाला पेटवलीस? आम्ही मेलो काय? पिठलं-भात आणलाय मी." आणि पातेल्यावरचं झाकण काढलं. काय तो वास! लसणीची फोडणी! खोटं कशाला बोलू, त्या क्षणी खरं सांगायचा माझा निर्धार थोडा लांबणीवर पडला.

आणि सांगणार तरी काय? जिवंत आहे म्हणावं, तर मग रांगेत मी ते काय नाटक केलं? वापीला नाही म्हणावं, तर इतके दिवस होता कुठे? फणसाचा चीक कोपरापर्यंत आला होता.

इतक्यात ज्ञानदा म्हणाली, "बाबा बाथरूममध्ये आहेत."

हॉलमध्ये हुंदक्यांचा पूर आला. "बिचारीला अजून दिसतो गं तो!"

"बाबांना पिठलं आवडतं. त्यांना ठेवा."

"ठेवू हां बाळा, ठेवू," प्रिस्का म्हणाली आणि तिने खरंच एक वेगळं पान वाढून खिडकीत कावळ्यासाठी ठेवलं! बाथरूममधून एक अस्पष्ट 'अरे!' ऐकू आलं. मी मोठ्याने खोकले.

मावशी माझी पाठ थोपटत होत्या. "रविवारी चर्चमध्ये मिस्सात त्याच्यासाठी प्रार्थना सांगितलीय मी. आणि फ्रेडरिकलाही फोन केला. फार हळहळला गं. म्हणाला, मी त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. वापीच्या माणसाला इथे जागा कशाला, मला काही कळलं नाही. पण म्हणाला, आता काय करणार, मालक थांबायला तयार नाहीत, संध्याकाळी दुसऱ्या कोणाला तरी सांगून टाकतो..."

धाडकन बाथरूमचं दार उघडलं.

"देऊ नका! ती जागा कोणाला देऊ नका!"

वेळ जावा म्हणून जितेंद्र आत दाढी करत होता. तोंडाला पांढराफटक फेस, कमरेला पांढरा टॉवेल, हातात वस्तरा!

प्रिस्काच्या हातातलं पातेलं पडलं. काका सोफ्यावर चढले. त्या सोफ्यावर मी ज्ञानदालासुद्धा चढू देत नाही! मावशींनी छातीवर क्रूस केला, एकदा, दोनदा, मग डोळे बारीक करून जितेंद्रच्या हनुवटीवरून ओघळणारा फेस बघितला आणि कंबरेवर हात ठेवले.

"ईस्टर अजून लांब आहे रे, मेल्या! तू कुठून उठलास?"

मग सगळं सांगावं लागलं. कारखाना, वापी, रांग, मंगळसूत्र. ते डाळीच्या डब्यातून काढून दाखवलं, तरी प्रिस्काचा विश्वास बसेना. तिने जितेंद्रला चिमटा काढून बघितला. जरा जोरातच काढला.

मावशी मात्र तोवर फोनवर ओरडत होत्या. "फ्रेडरिक! अरे, थांब! तो जिवंत आहे! ... नाही रे, मी काही घेतलेलं नाही! ... हो, दाढी करतोय!" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता ये म्हणतो. दाढी पूर्ण करून."

जितेंद्र एका गालावर फेस तसाच ठेवून पँट शोधायला पळाला. मला जमिनीवर सांडलेलं पिठलंसुद्धा सुंदर दिसायला लागलं.

आणि नेमकं तेव्हा प्रिस्काने विचारलं, "पण काका, आम्हाला तुम्ही सांगितलंत. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं कशाला? मी स्वतःच्या कानांनी ऐकलं माइकवर. मी मागे उभा..."

काका थांबले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. काका हळूच सोफ्यावरून उतरले आणि सदऱ्याची सुरकुती नीट करू लागले. ती काही नीट होईना.

"काका तिकडे पेपर आणायला जातात ना," मी पटकन म्हटलं.

"हो. पेपर," काका म्हणाले. पेपरवाला स्टेशनच्या बाजूला बसतो, तांदळाच्या रांगेच्या बाजूला नाही, हे ज्ञानदालासुद्धा माहीत आहे. काका न सांगताच निघून गेले.

जितेंद्रला ती जागा मिळाली. मी उरलेलं सामान परत द्यायला धर्माशेठकडे गेले, सगळं खरं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "ताई, बॅनर छापून लागलाय नाक्यावर! आता नवरा जिवंत करून कसं चालेल?" त्यामुळे 'निराधार भगिनीला धर्माशेठचा आधार' या बॅनरखालून जितेंद्र रोज कामावर जातो आणि मला घरी येऊन विचारतो, "कशी आहेस, निराधार?"

हसू येतं, येऊ दे. पण सदानंदकाका त्या दिवसापासून खाली उतरलेले नाहीत. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात, मुलगा लांब. मी बेल वाजवते, तर आतून आवाज येतो, "मी बरा आहे." दार उघडत नाहीत. मी बघितलंय ना त्यांना त्या सोफ्यावरून उतरताना, म्हणून मला तोंड दाखवत नाहीत. उर्सुलामावशींना नाही, प्रिस्कालाही नाही.

तुम्हाला ते ओळखत नाहीत. म्हणून म्हणते, कधी चंदनसारला आलात तर आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांची बेल वाजवाल का? पाणी मागा, पत्ता विचारा, काहीही करा, पण दार उघडायला लावा. आणि ते जेवलेत का, तेवढं नीट बघा. मी पाठवलंय म्हणून सांगू नका.