चौघांत एक बाटली

सिस्टरचं वागणं माईंना मुळीच पटलं नव्हतं. ऑपरेशनआधी डोळ्याची बाहुली मोठी करायचं औषध घालताना तिने बाटलीचं टोक पहिल्या पेशंटच्या, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरांच्या, पापण्यांना खुशाल टेकवलं आणि तीच बाटली घेऊन पुढच्या दोघांकडे वळली. बाकावर चौघं होती, सगळी मोतीबिंदूची. माई शेवटच्या. त्यांचा डावा डोळा कधीच गेला होता. उजवाही गेला असता, तर उरलेलं आयुष्य सुनेच्या डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

"माझ्या डोळ्यात ही बाटली नको," त्या म्हणाल्या. "नवी फोड."

"आजी, औषधच आहे. औषधाला काय होतंय?"

"औषधाला नाही, मला होईल. तिघांच्या पापण्या पुसत आलीस त्या टोकाने."

मुलगा कानाशी लागला, "आई, गप्प बस ना. लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच आलेत इथे."

सिस्टर म्हणाली, "इथे कुणाच्या डोळ्याला काही झालेलं नाही."

झालं. माई उठल्या, पोस्टमास्तरांची हनुवटी वर केली आणि अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढली. "हे बघ. आत लालभडक, कोपऱ्यात चिकट."

"झोप नाही झाली हो नीट," पोस्टमास्तर पुटपुटले.

"झोपेअभावी पू येत नाही, मास्तर."

बाकीचे दोघे ताडकन उभे राहिले. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मास्तरांचा डोळा तपासला, बाटली कचऱ्यात टाकायला लावली आणि सिस्टरला चार शब्द सुनावले. "या तिघांची ऑपरेशनं पुढे ढकला. घाई कसलीच नाही. डोळा बिघडला, तर मात्र परत मिळत नाही. या आजींचा तेवढा वाचलाय. त्यांना आत घ्या."

मुलाने मान ताठ केली. जणू बाटली त्यानेच पकडून दिली होती.

माईंनाही भरून आलं. उजव्या डोळ्यात पाणी तरारलं, आणि त्यांनी ते पुसलं. अंगठ्याने. त्याच.

डॉक्टर थबकले. मुलाने कपाळाला हात लावला. सिस्टर नुसती त्या अंगठ्याकडे बघत राहिली, आणि तेच जास्त झोंबलं.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हीही आठ दिवसांनी."

माईंनी पदर सावरला. दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, "तू तिघांचं वाटोळं केलंस, मी माझ्या एकटीचं. तेव्हा तू तिप्पट चुकलीस. आठ दिवसांनी येते. बाटली माझी वेगळी काढ, आणि ऑपरेशन होईपर्यंत माझे हात तू धरून ठेव."