दोन्या फिलोमेनेने नेलेल्या दाराची हकिकत

सकल भाडेकरी मंडळी, एका खोलीत पाच जण निजणारे, सामायिक नळाखाली बादली धरून ताटकळणारे, यांसी विदित व्हावे जे, ही हकिकत कोणा राजाच्या आज्ञेने लिहिली नाही. राजे लोक भाड्याने राहत नाहीत, त्यांस याची कदर काय? लिहिणार पाचव्या खोलीचा भाडेकरी. पाहिले ते लिहिले, आणि आपले भित्रेपणही झाकले नाही.

केसोन शहरी बास्केटबॉलच्या मैदानालगत आठ खोल्यांचे संस्थान आहे. त्यावर अंमल श्रीमंत दोन्या, म्हणजे बाईसाहेब, फिलोमेना आलकांतारा यांचा. पंखाधारिणी, किल्लीस्वामिनी, नळनियंत्री ऐसे त्यांचे किताब, सर्व स्वतःच घेतलेले. तिसऱ्या खोलीत नेनिता माग्तिबाय नामे शिवणकाम करणारी बाई, अंथरुणास खिळलेल्या आईसह राहत होती, आणि तिचा करार डिसेंबरअखेरचा होता, आणि भाड्यात एका दिवसाची कसूर नव्हती. मग जून मासी खबर आली जे, दोन्यांचे भाचे दुबईहून परत येतात, आणि त्यांस तिसरी खोलीच पाहिजे, कारण खिडकीतून वारा बरा येतो. मग फर्मान सुटले जे, तीन दिवसांत खोली खाली करणे.

नेनिताने करार पुढे केला. “डिसेंबरपर्यंत मी इथंच आहे, दोन्या. आईला उचलून कुठं नेऊ?”

मग दोन्यांनी मोठी मसलत केली, आणि भर दुपारी सुतार आणविला, आणि बिजागऱ्या सोडवून तिसऱ्या खोलीचे दार आपल्या कोठीत नेले, आणि जाहीर केले जे, दुरुस्तीस नेले. वाहवा! धडधाकट दारास कसली दुरुस्ती? नेनिताने चौकटीस चादर बांधिली. कोंबड्या आत येऊन तांदूळ टिपू लागल्या. आम्ही सात खोल्यांचे शूर शिपाई, चुकचुकलो, आणि आपापली दारे लावून घेतली.

मग नेनिता कुमकेच्या शोधार्थ निघाली. प्रथम पोलीस चौकीवर गेली, तेथील अंमलदारांनी जेवता जेवता निवाडा दिला जे, हा घरगुती मामला. मग फोनवर दाराविना चौकटीचे चित्र चढविले, त्यास तीनशे बदाम आले, आणि त्यांत एक बिजागरी नव्हती. मग गरिबांस फुकट वकील देणारी सरकारी कचेरी गाठिली. तेथे तीन घटका रांगेत उभी राहिल्यावर एक तरुण वकीलबाई भेटली, आणि ती एकटीच कामाचे बोलली.

“बाई, मालक-भाडेकरूचं भांडण आधी आपल्या वस्तीच्या बारांगाय कचेरीत न्यायचं. तिथला कागद असल्याशिवाय कोर्ट विचारत नाही. आणि तक्रार वहीत लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही, कळलं?”

“अहो, पण तिथले मुख्य, कप्तान रुफिनो, दोन्यांचेच ना! त्यांच्या पोराच्या बाप्तिस्म्याला दोन्या धर्ममाता होत्या.”

“असू दे की. तुम्ही लिहून तर घ्या.”

बारांगायची कचेरी म्हणजे आमच्या फाटकापासून चाळीस पावले! परंतु धर्ममातेचे नाते सख्ख्याहून घट्ट, सबब तिकडे जाऊन उपयोग नाही, ऐसे आम्हीच तिला आठ दिवस पढविले होते. शहाणे पडलो ना आम्ही.

कप्तानांनी मिठ्ठास वाणी लाविली. “अगं नेनिता, कशाला वाढवतेस? दोन्या आईसारख्या. गोडीनं मागून बघ.”

“आठ दिवस गोडीनंच मागतेय, कप्तान. आता लिहून घ्या.”

आणि ती बाकावर बसली, आणि पिशवीतून शिवण काढून टीप घालू लागली. कप्तानांचा भात आला, आणि निवाला, तरी ती उठेना. अखेर कारकुनाने वही उघडिली आणि तक्रार चढविली, आणि दोन्यांस गुरुवारी हजर होण्याचा हुकूम गेला.

गुरुवारी दोन्या पंखा हालवीत आल्या, आणि समागमे वकील देल्फिन, कडक इस्त्रीचा बारोंग सदरा परिधान करून. तेथेच घात जाहला. बारांगायच्या बैठकीत वकिलास बोलू देत नाहीत, ही रीत गल्लीतील पोरेही जाणतात. परंतु दोन्यांस वाटले, रीती भाडेकऱ्यांसाठी. कप्तानांनी धर्ममातेकडे पाहिले, मग तमाशा पाहावयास मागे दाटलेल्या सात खोल्यांकडे पाहिले, आणि निवडणूक जवळ आली हे स्मरले, आणि त्यांच्या ठायी न्यायबुद्धी एकाएकी जागी जाहली.

“वकीलसाहेब, बाहेर बाकावर बसा. ज्याचं भांडण त्यानं बोलायचं.”

मग वकील खिडकीबाहेरून तोंडावर बोट ठेवून खुणा करू लागले. दोन्या कोणाच्या खुणा मानणार?

“कसली दुरुस्ती न् काय! घर माझं, दार माझं. चार दिवस उघड्यावर पडली की आपोआप जाईल, म्हणून काढलं. जा, काय करायचं ते कर!”

कारकुनाने शांतपणे विचारले, “‘आपोआप जाईल म्हणून काढलं.’ बरोबर लिहिलं ना, दोन्या?”

खिडकीतील वकिलांनी डोळे मिटिले.

मग नेनिता उभी राहिली. “कप्तान, मी आईचं अंग रोज त्या चादरीआड पुसते. वारा आला की चादर उडते. तिला सगळं कळतं हो, ती भिंतीकडे तोंड करते. समोरचा पाच नंबरवाला तेवढा मान वळवतो, हेच काय ते उपकार.”

तो पाच नंबरवाला मी. मान वळविण्याखेरीज काही केले नाही. लाज वाटली, आजही वाटते.

मग निवाडा जाहला जे, सूर्यास्तापूर्वी दार बसवणे, डिसेंबरअखेरपर्यंत नेनितास हात न लावणे, आणि दार पोहोचल्याची पोच, नेनिताची सही घेऊन, मालकिणीने स्वतः आणून कचेरीत देणे. कसूर झाल्यास कबुलीजबाबासह मामला कोर्टात जाईल. दोन्यांनी सही केली. भाच्यांस मावशीच्याच घरी, वाराहीन खोलीत जागा मिळाली.

येणेप्रमाणे जून मासी, गुरुवारी, दिवस असतानाच तिसऱ्या खोलीचे दार चौकटीवर चढले, आणि नेनिताने आत जाऊन कडी लाविली. मग दोन्या पोचेचा कागद घेऊन आल्या, आणि सवयीने दार ढकलिले, ते ढळेना. मग त्यांनी बोटाने टकटक केली.

आतून विचारणा जाहली. “कोण आहे?”

“मी. फिलोमेना.”

“थांबा. आईचं अंग पुसतेय.”

आणि दोन्या उभ्या राहिल्या.