सौहार्द सोसायटीतील विकरबंदी

माणूस हाडामांसाचा बनलेला असतो, हा समज अर्धवट आहे. हाडं आणि मांस हा नुसता माल झाला. तो जागच्या जागी धरून ठेवण्याचं काम कोलॅजेन नावाचं एक प्रथिन करतं आणि त्याबद्दल कसलीही अपेक्षा ठेवत नाही. गृहनिर्माण संस्था विटा-सिमेंटची बनलेली असते, हाही समज तसाच. तिला जागच्या जागी धरून ठेवण्याचं काम अध्यक्ष करतो. (त्याला मात्र थोडी अपेक्षा असते.)

कोथरूडच्या सौहार्द सोसायटीचे अध्यक्ष दिगंबर घारपुरे यांना यातलं दुसरं सत्य पहिल्यापासून ठाऊक होतं. पहिलं कळायला २०१७ चा उन्हाळा उजाडावा लागला. त्यांच्या सुनेने, म्हणजे हिंजवडीत नोकरी करणाऱ्या ऋतिकाने, घरात एक गुलाबी डबा आणला. त्यातली पूड रोज पाण्यातून घेतली की अंगातलं कोलॅजेन वाढतं आणि माणूस स्वतःच्या प्रोफाइल फोटोसारखा दिसू लागतो, असा डब्याचा दावा होता. दोन महिन्यांत चौसष्टपैकी एकेचाळीस फ्लॅटमध्ये तो डबा पोचला. लिफ्टमधल्या आरशासमोर घालवलेला सरासरी काळ नऊ सेकंदांवरून सव्वीसवर गेला. (मोजणी अध्यक्षांनी स्वतः, सलग तीन दिवस लिफ्टमधून खालीवर करून केली.)

दिगंबररावांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. नापास नग त्यांच्या हातून कधी पुढे गेला नाही, आणि पास झालेलाही सहजासहजी गेला नाही. निवृत्तीनंतर त्यांना सोसायटी मिळाली नसती तर घरात काय झालं असतं, याचा विचार त्यांच्या पत्नी हेमाताईंना आजही करवत नाही.

अशा या सुखी इमारतीत ४०३ मध्ये सुनीती वानखडे भाड्याने राहायला आली. अमरावतीकडची, एका प्रयोगशाळेत संशोधक, शांत, आणि ओला-सुका कचरा वेगळा करणारी. लिफ्टमध्ये ऋतिकाने तिला विचारलं, "तुम्ही एक्झॅक्टली कशावर काम करता?"

"कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइमवर. एका जिवाणूत सापडतं ते."

ऋतिका दुसऱ्या मजल्यावर उतरली. सुनीती चौथ्यावर पोचेपर्यंत '४०३ मध्ये कोलॅजेन खाणारे जंतू पाळलेत' हा मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता.

रविवारी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. "जंतू लॅबमध्ये आहेत," सुनीती म्हणाली. "मी काय घरी बसून कोलॅजेन तोडून राहिले का?" कोणाचंच समाधान होईना, तेव्हा तिने हेमाताईंना विचारून त्यांची वेणी हातात धरली. कोलॅजेन असं असतं, ती सांगू लागली. तीन पेड, घट्ट वळलेले. साध्या एन्झाइमला सुटा पेड मिळत नाही, म्हणून तोडता येत नाही. या जिवाणूचं एन्झाइम खोगिरासारखं असतं, त्याचे दोन भाग जबड्यासारखे उघडतात आणि मिटतात. शेपटाकडचे तुकडे वेणीला धरून ठेवतात, जबडा तिच्यावर बसतो, पेड सैल करतो आणि आत बसलेल्या जस्ताच्या एका अणूच्या मदतीने ते एकेक करून कापतो. हे सांगताना ती तळहातांची उघडझाप करून दाखवत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की हेमाताईंना वाटलं, या मुलीला पुडीची काही गरज नाही. बाकीच्यांना फक्त 'जबडा' ऐकू आलं.

ठराव दिगंबररावांनी लिहिला. शब्दकोश पाहून त्यांनी एन्झाइमला 'विकर' हा शब्द शोधून काढला, कारण बंदी घालायची तर शुद्ध मराठीत घालावी असं त्यांचं मत होतं. 'कोलॅजेन तोडणारे कोणतेही विकर बाटलीतून, डब्यातून, अंगावरून अथवा अन्य मार्गाने संस्थेच्या आवारात आणण्यास सक्त मनाई आहे. यास अध्यक्षही अपवाद नाहीत.' शेवटचं वाक्य शोभेसाठी होतं.

फाटकावर पाटी लागली. पहारेकरी सोनबा (ही इमारत ज्यांच्या वडिलांच्या शेतात उभी आहे ते) यांच्याकडे 'विकर आवक नोंदवही' सोपवण्यात आली. पाच आठवड्यांत दोनशे बारा पार्सलं तपासली गेली. सापडलेलं विकर शून्य. परत पाठवलेलं इडलीचं पीठ दोन पातेली, फसफसत होतं म्हणून. बंदी शंभर टक्के यशस्वी झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं.

अशाच एका तपासणीत डिलिव्हरीवाल्याच्या खोक्यात वाकून बघताना दिगंबररावांची पोटरी तापलेल्या सायलेन्सरला लागली. मधुमेह जुना. जखम भरेना. काळं, मेलेलं कातडं वर धरून बसलं, आणि हे निघालं नाही तर पाय वाचवणं अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हेमाताईंनी देवाला बोलायचं ते बोलून घेतलं. डॉक्टरांनी एक मलम लावलं, पट्टी बांधली आणि उरलेली ट्यूब हातात दिली.

औषधाबरोबरचा घडीचा कागद शेवटपर्यंत वाचणारी माणसं फार थोडी. दिगंबररावांनी तो रिक्षात वाचला. घटक, कोलॅजिनेज. कोलॅजेन तोडणारे विकर, जिवाणूपासून मिळवलेले. फाटकाशी ते उतरले, पण पाऊल आत टाकलं नाही.

"सोनबा," ते म्हणाले, "माझ्या पायाला विकर आहे."

सोनबांनी पाटी बघितली, मग पाय बघितला. "मंग आत न्हाई येता येनार, साहेब. अंगावरून बी न्हाई, असं तुमीच लिवलंय."

"बरोबर आहे."

"आन् अध्यक्षांस्नी बी..."

"माहीत आहे."

गॅलरीतून हेमाताईंनी सगळं ऐकलं. "अहो, पाय धुऊन टाका आणि वर या बघू."

"चोवीस तास ठेवायचंय, मग परत नवं लावायचंय, जखम भरेपर्यंत. आणि नियम आहे."

दिगंबरराव रात्रीपुरते कर्वेनगरला मेव्हण्याकडे जाऊ लागले. सकाळी आठ ते संध्याकाळी सात ते फाटकाबाहेर फूटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून संस्थेचा कारभार पाहत. पहिल्याच दिवशी त्यांनी सोनबांना कर्तव्यदक्षतेबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. वरून ताठ होते, पण रात्री पायाच्या विचाराने त्यांना झोप येत नसे.

चौथ्या दिवशी सुनीतीने स्कूटर थांबवली. "काका, दुखतंय का?"

"दुखण्याचं सोडा. मला एवढंच सांगा, हे तुमचं विकर मेलेलं कातडं संपवून जिवंताकडे वळलं, तर त्याला थांबवणार कोण?"

ती फूटपाथच्या कडेला बसली. "जिवंत कातडीतल्या कोलॅजेनला भोवती आवरण असतं, काका. तिथे याचा जबडा सहसा नीट बसत नाही. मेलेल्याचं आवरण गेलेलं असतं, म्हणून ते तेवढंच काढतं."

"म्हणजे नापास माल काढतं आणि पास माल ठेवतं?"

"हो."

"कोणाची सही न घेता?"

"कोणाचीच नाही."

 एकतीस वर्षांत दिगंबररावांना आपल्या तोडीचा तपासनीस भेटला नव्हता. भेटला तो आता, फूटपाथवर, स्वतःच्या पोटरीत.

अकराव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. खाली गुलाबी, जिवंत कातडं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर मलम चालू ठेवा, पाय वाचला. दिगंबरराव खुर्चीत येऊन बसले आणि फोनला तोंडी मजकूर सांगू लागले: 'कोलॅजेन तोडणारे विकर आवारात आणण्यास मनाई रद्द.' नेमकी तेव्हाच बाजूने बस गेली. फोनने 'तोडणारे विकर' आणि 'रद्द' एवढे शब्द गाळले आणि ग्रुपवर ठराव गेला: 'कोलॅजेन आवारात आणण्यास मनाई.' दिगंबररावांचे डोळे भरून आले होते, चष्मा हातात होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक नग न तपासता पुढे सोडला.

चार मिनिटांत अठ्ठावन्न अंगठे आले. ऋतिकाने अंगठ्यासोबत जोडलेले हात आणि केकही पाठवला. ठराव वाचला फक्त सोनबांनी, अक्षर अक्षर लावून. तेवढ्यात सुनीती परतली, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्ये कोलॅजेन कशाकशात असतंय?"

विज्ञानात खोटं बोलता येत नाही. "माणसात असतं, काका. कातडी, हाडं, सगळीकडे. सगळ्यांच्यात."

सोनबांनी मान हलवली आणि फाटकाला कुलूप लावलं.

साडेसातपर्यंत हिंजवडीहून परतलेली अख्खी सोसायटी फूटपाथवर उभी होती. आत असलेल्यांना नियम दाखवण्यात आला. कायदा पाळणारी माणसं ती, खुर्च्या घेऊन बाहेर आली. कोणी भेळ मागवली, कोणी गाणं लावलं. पाच-पाच वर्षं शेजारी राहिलेले लोक एकमेकांना नावं विचारू लागले. नऊ वर्षांत पहिल्यांदा सभेची गणसंख्या पूर्ण झाली, आणि तीही दुप्पट.

दिगंबररावांनी चष्मा लावून ठराव मोठ्याने वाचला.

"पप्पा, हे आम्ही पास केलं?" ऋतिकाने विचारलं.

"एकमताने."

मग दोन्ही मनाई रद्द करणारा नवा ठराव सुनीतीने लिहिला. तो शब्दन् शब्द दोनदा वाचला गेला, आणि भाडेकरूचा असूनही मंजूर झाला. त्या रात्री दिगंबरराव पायाच्या विकरासकट आत गेले आणि स्वतःच्या पलंगावर गाढ झोपले.

हे वाचून आपल्याला हसू आलं असेल तर हरकत नाही. सौहार्दमधली माणसंही नंतर पुष्कळ हसली. फक्त गेल्या आठवड्यात आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर जो लांबलचक मजकूर आला होता आणि आपण ज्याला बसल्याजागी अंगठा दिलात, त्याचा तिसरा परिच्छेद कशाबद्दल होता, तेवढं एकदा आठवून पाहावं. तो मंजूर झाला आहे.