तीन सवाऱ्यांची फेरी

दारव्ह्याच्या स्टँडवरची काळीपिवळी जीप भरल्याशिवाय निघत नाही. चौदावा माणूस "माझा पाय कुठं गेला?" असं विचारू लागला की ती भरली, असा आमचा हिशेब. तरीही तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ड्रायव्हर दशरथभाऊ अवघ्या तीन सवाऱ्या घेऊन दिग्रसला निघाले. आमच्या भागात चमत्कार पुष्कळ सांगितले जातात; साक्षीदार असलेला हा एकच.

त्यांतला एक साक्षीदार मी. दिग्रसच्या शाळेत दुपारपाळीला शिकवतो, त्यामुळे ही जीप रोजचीच. मागची म्हातारी घाबरून भाऊंना म्हणाली, "बापू, घरी कोनी शिरेस हाय का रे?"

"नाई माय. काहीच कमी नाई वाटून राह्यलं."

म्हातारीने पिशवी छातीशी धरली. ज्या ड्रायव्हरला सवाऱ्या कमी वाटत नाहीत, त्याचा भरवसा कोण धरणार?

ते 'काहीच कमी नाही' वाटणं दिग्रसपर्यंत टिकलं. तिथे दुसऱ्या जीपवाल्याने, रांगेतला नंबर मोडला म्हणून, आईवरून शिवी दिली. दशरथभाऊंनी तितकीच ताजी परत केली. संपलं.

तेव्हापासून ते पुन्हा यावं म्हणून भाऊंची धडपड चालू आहे. तोच सदरा घालून पाहिला. त्याच टपरीवरचा आलूबोंडा खाल्ला. दहा दिवसांच्या मौनशिबिराला गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले.

"तिथं सारे डोळे मिटून बसतात, सर. मले तं गाडी चालवताना आलतं."

मग भाऊंनी ठरवलं, ते शोधत आलं तर आपण कामावर सापडलो पाहिजे. हॉर्न बंद केला. बकऱ्या आडव्या आल्या की गाडी थांबवून "जा बाप्पा, निवांत जा" म्हणू लागले. काय चाललंय विचारलं की एकच उत्तर, "पाहून राह्यलो."

त्यांच्या बायकोने, शांतावहिनींनी, एकदा माझ्यादेखत फटकारलं, "पाहून राह्यले तं दूध काहून उतू गेलं? समोरच उभे होते ना!"

"ते उतू जातानाबी पाहून राह्यलो, अवं!"

मागच्या वर्षी एक महाराज मोठ्या एसी गाडीतून आले. मांडव पडला, भाऊंना अनुभव सांगायला मंचावर नेलं. निवेदकाने गहिवरून विचारलं, "त्या क्षणी काय दिसलं?"

"तुरीचं वावर."

"त्यापलीकडे?"

"कापसाची पऱ्हाटी."

महाराजांनी माइक आपल्याकडे घेतला. पुढचा दीड तास त्यांनी भाऊंना काय दिसलं असावं ते सांगितलं.

परतताना मी भाऊंशेजारी बसलो होतो. म्हटलं, "नाही आलं परत, तर काय बिघडेल? एकदा आलं, पुष्कळांना तेवढंही येत नाही."



"शांता त्या दिवशी माहेरी गेलती, सर. महागावले. पंचवीस वर्सं झाले लग्नाले. इतकं सुख मले कधी झालं नाई, अन् तेवढ्या वेळात ती मले एकदाबी आठवली नाई." त्यांनी काच उगीचच खाली केली. "हे तिले कसं सांगू? आता यायचं असन तं ती बाजूले असताना यावं. नाई तं नको."

 

हल्ली दुपारच्या फेरीला वहिनी पुढच्या सीटवर असतात. गेल्या आठवड्यात भाऊ पाणी आणायला उतरले, तेव्हा मी विचारलं, "दिग्रसला रोज काय काम काढता?"

"काम कायचं? मले तं गाडी लागते, सर. पण हे इतक्या आशेनं 'चल' म्हणतात, नाई म्हणवत नाई."

गाडी निघाली. गाव मागे पडलं तशा वहिनींनी डोळे मिटले. भाऊंनी खिशातून कापलेलं लिंबू काढून त्यांच्या हातात दिलं आणि अगदी हळू विचारलं, "काही वाटून राह्यलं का?"

"मळमळून राह्यलं जी."

भाऊंनी वेग कमी केला. मागून कोणीतरी उशीर होतोय म्हणून ओरडलं, तरी वाढवला नाही. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.